अँटेनाला हवी मोकळी जागा

घरातील ‘स्मार्ट’ पंख्याचा नियंत्रक प्रयोगशाळेच्या टेबलावर बिनचूक चालतो. घरी भिंतीवर बसविल्यावर मात्र दोन खोल्यांपलीकडच्या राउटरशी त्याचा संपर्क तुटू लागतो. दोष बहुधा राउटरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा उपकरणाच्या आतील सर्किट बोर्डावर, अवघ्या काही मिलिमीटरच्या चुकीत दडलेला असतो.

अशा उपकरणांत वाय-फाय वा ब्लूटूथचे तयार मॉड्यूल वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचे ‘ईएसपी३२’ हे त्यातील एक परिचित नाव. १८ बाय २५.५ मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्यात प्रोसेसर, रेडिओ आणि एका टोकाला तांब्याच्या नागमोडी रेषेचा अँटेना असे सारे सामावते. अँटेना तयारच मिळतो, तेव्हा मॉड्यूल कोठेही बसविले तरी चालेल, असा समज होतो. घोटाळा तेथेच होतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीची लांबी हवेत सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. तिच्या पाव हिश्श्याच्या, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेला अँटेना दुमडून मॉड्यूलच्या टोकात बसवितात. पण तो एकटा काम करीत नाही. बोर्डावरील ‘ग्राउंड’चा तांब्याचा थर हा त्याचा दुसरा अर्धा भाग असतो. त्यामुळे अँटेनाच्या मुळाशी हे तांबे हवेच. मात्र तेच तांबे त्याच्याखाली किंवा अंगालगत आले, की त्याची नैसर्गिक वारंवारता सरकते. सतारीच्या तारेवर भलत्याच जागी बोट पडावे आणि सूर बदलावा, तसाच हा प्रकार. मग रेडिओने पाठविलेली ऊर्जा हवेत जाण्याऐवजी बरीचशी माघारी फिरते. संदेशाची ताकद ६ डेसिबलने घटली, तर मोकळ्या मैदानातही पल्ला निम्म्यावर येतो.

एस्प्रेसिफच्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती आहे ती अँटेनाचा भाग बोर्डाच्या कडेबाहेर ठेवण्याला. ते शक्य नसल्यास अँटेनाखालचा बोर्ड कापावा आणि सभोवताली किमान १५ मिलिमीटर जागेत तांबे वा अन्य घटक येऊ देऊ नयेत, असे त्यांत सुचविले आहे. वाचताना हे अंतर क्षुल्लक वाटते. काडेपेटीएवढ्या बोर्डावर मात्र ते सोडणे रचनाकाराच्या जिवावर येते. बॅटरी, कनेक्टर, स्क्रू सारेच त्या रिकाम्या जागेत शिरू पाहतात.

शेजारही पाहावा लागतो. यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय आणतो, हे इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले होते. धातूची पेटी तर लहरींना कोंडूनच टाकते. माणसाचा हातही निरुपद्रवी नाही. २०१० मध्ये ‘आयफोन ४’ विशिष्ट प्रकारे धरताच सिग्नल घसरू लागला, तेव्हा ॲपलला ग्राहकांना मोफत आवरणे द्यावी लागली होती.

म्हणूनच चाचणी उघड्या बोर्डावर न घेता पेटी, बॅटरी आणि तारांसह, उपकरण जेथे बसणार तेथेच घेणे इष्ट ठरते. तीही बोर्डाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी. कारण मॉड्यूलची जागा नंतर बदलायची, तर बोर्ड नव्याने छापून घ्यावा लागतो आणि कधी कधी पेटीचा साचाही.