मोटारीच्या पायांनाही थंडी बाधते

नवी मुंबईत थंडी पडते असे म्हटले तर पुणेकर हसतील आणि नाशिककर हसण्याचेही कष्ट घेणार नाहीत. आमच्याकडे डिसेंबरात पहाटेचा पारा पंधरा-सोळावर उतरला की मंडळी कपाटातले स्वेटर काढून पारसिकच्या टेकडीवर फिरायला जातात आणि आठ वाजता तेच स्वेटर कमरेला गुंडाळून परततात. अशा गावात राहून मोटारीचे टायर थंडीपासून कसे जपावेत यावर लेख लिहायचा, म्हणजे कोकणात बसून उंटांच्या संगोपनावर व्याख्यान झोडण्यासारखे आहे, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे.

पण अलीकडे दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक म्हणजे मोटार. आमच्या सोसायटीच्या तळघरात आता रुंद, बुटक्या टायरांच्या वेगवान गाड्या उभ्या असतात. त्यांच्या चाकांकडे पाहिले तर कडेला जेमतेम तीन-चार बोटे रबर दिसते. बाकी सगळे धातूचे चाक. दुसरा बदल रस्त्यांचा. भिवंडीजवळच्या आमणे गावापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाला. दुपारी खारघरहून निघालेला माणूस रात्री नागपुरात जेवतो. आणि नागपूरची थंडी काही पारसिकच्या टेकडीवरची नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजी तिथला पारा ३.५ अंशांवर आला होता. त्याहून लांबचा हौशी प्रवासी थेट मनालीला जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगच्या पलीकडचे लाहौल खोरेही हिवाळ्यात त्याच्या आवाक्यात आले आहे. आपली मोटार अशी एका दिवसात, फार तर चार दिवसांत, ऋतू ओलांडते. तिचे टायर मात्र तेच असतात.

माझी उभी नोकरी तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत शीतगृहांची यंत्रे सांभाळण्यात गेली. बाहेर मे महिन्याचा उकाडा आणि दाराच्या आत उणे १८ अंश, असा तो संसार. त्यामुळे थंडीत रबराचे काय होते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी हाताने चाचपले आहे. शीतगृहाच्या दाराला कडेने रबरी पट्टी असते. चौकटीशी तिची ओल गोठून ती चिकटून बसू नये म्हणून चौकटीत विजेची तार घालून ती कोमट ठेवावी लागते. एखादा नवा कामगार स्वस्त प्लॅस्टिकच्या चपला घालून आत शिरला, की थोड्याच वेळात त्या खडावांसारख्या वाजू लागत आणि तो घसरू लागे. आम्ही हसायचो, मग त्याला आतले बूट द्यायचो.

थंडीशी रबराचे वैर जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत कच्च्या रबराचे बूट आणि डगले करण्याचे कारखाने निघाले. उन्हाळ्यात तो माल वितळून चिकट झाला आणि हिवाळ्यात दगडासारखा कडक होऊन तडकला. कारखाने बुडाले. चार्लस गुडइयर नावाच्या कर्जबाजारी माणसाने १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती शोधली, तेव्हा कुठे रबर दोन्ही ऋतूंत माणसाळले. (तो स्वतः १८६० मध्ये कर्जातच वारला. त्याचे नाव लावणारी टायर कंपनी पुढे दुसऱ्यांनीच काढली!)

माणसाळले, पण पुरते नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला बसताना खोबरेलाची बाटली थिजलेली असते, आणि शेजारची तिळाच्या तेलाची बाटली मात्र पातळच असते. दोन्ही तेलेच, पण थिजण्याचा बिंदू वेगळा. रबराचेही, अगदी असेच नसले तरी, याच जातीचे आहे. रबराचे रेणू म्हणजे गुंतलेल्या लोकरीचे लांबलचक धागे. ऊब असते तोवर ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून रबर ताणते. थंडी वाढत गेली की ते मंदावतात आणि एका उष्णतामानाखाली जागच्या जागी थिजतात. मग रबर हे रबर राहत नाही. त्याची जात काचेच्या जवळ जाते. झाडाच्या नैसर्गिक रबराच्या बाबतीत हे उणे सत्तरच्या आसपास घडते, म्हणून तुमचा साधा रबरबँड फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवला तरी सकाळी ताणतो. वेगवान मोटारीच्या टायराचे मिश्रण मात्र मुद्दाम असे केलेले असते, की हा बिंदू बराच वर यावा.

असे का करतात? कारण गरम आणि ओल्या रस्त्यावर हेच रबर उत्तम पकड देते. ते रस्त्याच्या खडबडीत शिरते आणि लगेच उसळून बाहेर न येता रेंगाळते. पावसाळ्यात शीव-पनवेल मार्गावर ब्रेक दाबल्यावर मोटार जिथल्या तिथे थांबते ती या रेंगाळण्यामुळेच. मात्र हवा ७ अंशांच्या खाली गेली, की ही पकड झपाट्याने कमी होते. आणि उणे ७ च्याही खाली गेली, तर नुसते उभे राहून पुन्हा चालू लागताना टायराला भेगा पडू शकतात. थोडक्यात, ज्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजले, तोच गुण थंडीत वैरी होतो.

हे सगळे मला मागच्या वर्षी माझ्या भाच्याला समजावावे लागले. तो खारघरला राहतो. त्याने हप्त्यांवर एक वेगवान मोटार घेतली आणि ठरवले की नाताळच्या सुट्टीत बायको आणि पाच वर्षांची मुलगी यांना घेऊन खारघर ते मनाली मोटारीनेच जायचे, आणि वर्षाची शेवटची रात्र बोगद्यापलीकडे सिस्सूला काढायची. ताई माझ्याकडे आली. म्हणाली, “अरे, तू यंत्रांतला माणूस. तूच सांग त्याला. आमचे तो ऐकत नाही.”

भाचा आला तो तयारीनेच. “मामा, टायर नवे आहेत. नक्षी जराही झिजलेली नाही. हवा मी स्वतः तपासतो. आणखी काय पाहिजे?”

मी वाद घातला नाही. कळंबोलीच्या एका टायरवाल्याकडून तशाच जातीच्या बाद टायराच्या नक्षीचा वीतभर तुकडा कापून आणला, धुतला, पिशवीत बांधला आणि आमच्या फ्रीजरमध्ये मटारांच्या मागे ठेवला. घरचा फ्रीजरही उणे १८ च्या आसपासच असतो. सौभाग्यवतींची यावरची टीका इथे छापण्याजोगी नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या एका हातात तो तुकडा दिला आणि दुसऱ्या हातात त्याच टायराचा बाहेर ठेवलेला जोडतुकडा. बाहेरच्यात नख रुतत होते. आतल्यावर ते नुसते घसरले. टेबलावर आपटला तर लाकडी पट्टीसारखा आवाज आला. भाचा काही बोलला नाही, पण तो तुकडा त्याने हातातून खालीही ठेवला नाही.

असाच प्रयोग एकदा साऱ्या जगासमोर झाला होता. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उडाले, तेव्हा तिथली हवा जेमतेम २ अंश होती. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी त्या थंडीत आपले काम चोख करू शकली नाही आणि सात अंतराळवीर प्राणांना मुकले. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून दाखवले, की तो पटकन मूळ आकारावर येत नाही. मटारांमागचा माझा प्रयोग त्याच घराण्यातला, फक्त गरीब शाखेतला.

आता हवेचे गणित, कारण “हवा मी तपासतो” या वाक्यावर पुष्कळांची भिस्त असते. समजा, खारघरला ३० अंशांत आपण ३३ पौंड हवा भरली. मापक दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेच्या दाबावरचा जादा दाब असतो, बाहेरचा १४.७ पौंड त्यात मिळवला पाहिजे. ती बेरीज ४७.७. नागपुरात पहाटे ८ अंश असले तर गणिताने ती ४४.२ वर येते, आणि मापक २९.५ दाखवतो. म्हणजे कुठे पंक्चर नाही, गळती नाही, तरी साडेतीन पौंड गेले! मोटार जड चालते, टायराच्या कडा घासतात आणि वेगात टायर अधिक तापतो. पेट्रोल पंपावर नायट्रोजन भरून घेतला म्हणजे हे टळते, असा एक समज आहे. तो खोटा आहे. थंडीत नायट्रोजनही तेवढाच आक्रसतो. आणि फुकटच्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

खरी मेख सिस्सूला आहे. ते गाव सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब १० पौंडांवर येतो. उणे ५ अंशांत टायरातली बेरीज ४२ च्या आसपास उतरते. त्यातून १० वजा केले की मापक ३२ दाखवणार. थंडीने घटवले ते उंचीने भरून काढले. भाचा मापक लावून म्हणाला असता, “हवा अगदी बरोबर आहे.” हवा बरोबरच असती. रबर मात्र चुकीचे असते, आणि ते कोणताही मापक सांगत नाही.

धोका तिथल्या गोठलेल्या पुलावर घसरण्याचा आहेच, पण तेवढाच नाही. थंडीत नक्षीच्या खाचेत पडलेली बारीक भेग पुष्कळदा त्या वेळी दिसतही नाही. तोच टायर मग मैदानात उतरतो, तापतो, ताशी शंभरने धावतो. मागच्या बाकावर मूल झोपलेले असते. मी भाच्याला एवढेच म्हटले.

टायर बनवणाऱ्यांच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत, फक्त त्या कोणी वाचत नाही. उन्हाळी जातीचा टायर उणे ७ किंवा त्याहून थंड हवेत राहिला असेल, तर मोटार हलवायची नाही, ढकलायचीसुद्धा नाही. आधी ती निदान ५ अंशांच्या वर असलेल्या बंद जागेत पूर्ण चोवीस तास ठेवायची. घाई म्हणून त्यावर गरम पाणी ओतायचे नाही की गरम हवेचा झोत सोडायचा नाही. ऊब जागेची असावी, टायराला भाजू नये. मग बॅटरी घेऊन खाचांचे तळ आणि दोन्ही कडा पाहायच्या. आतली कडही, जी वाकल्याशिवाय दिसत नाही. भेग दिसली तर तो टायर बाद. तिला ठिगळ नसते.

मुळात तो टायर तिथे न्यावाच का? माझी पुतणी स्टुटगार्टला असते. जर्मनीत बर्फाच्या दिवसांत हिवाळी टायरांवाचून मोटार काढणे २०१० पासून बेकायदा आहे, आणि आता त्या टायरावर तीन शिखरे आणि त्यांत हिमकण असे चिन्हच लागते. तिच्या घरी टायरांचे दोन संच आहेत. ऑक्टोबर ते ईस्टर एक, उरलेल्या वर्षात दुसरा. रिकामा संच गॅरेजवाला भाड्याने सांभाळतो, आणि त्या सोयीला तिकडे चक्क ‘टायरांचे हॉटेल’ म्हणतात. आपल्याकडे ती चैन परवडणारी नाही आणि गरजही नाही, कारण हिवाळी टायराचे मऊ रबर वाशीच्या उन्हात भराभर झिजून जाईल. दोन्ही हवांत सारखाच चोख असा टायर अजून निघायचा आहे.

ज्यांच्याकडे जादा संच असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोसायटीतली पंपाची खोली थंड आणि अंधारी असते म्हणून टायर तिथे ठेवण्याकडे कल असतो. ठेवू नयेत. विजेच्या मोटरींपाशी ओझोन वायू तयार होतो आणि तो रबर चिरतो. धुवून, पूर्ण वाळवून, काळ्या पिशवीत बांधून घरातल्या माळ्यावर ठेवलेले बरे.

भाचा अखेर रेल्वेने चंदीगडला गेला आणि पुढे तिथल्या माणसाची, बर्फातल्या टायरांची जीप केली. त्याची मोटार खारघरच्या तळघरात राहिली. एका जागी फार दिवस उभे राहिले तर बुटक्या टायरांना तळाशी चपटेपणा येतो, म्हणून दर रविवारी ती पाम बीच मार्गावर फिरवून आणायचे काम माझ्याकडे आले. वेग अर्थात मर्यादेत. मागून येणारी तरुण मंडळी माझ्याकडे जी दया दाखवीत, ती मी मनावर घेतली नाही.

फेब्रुवारीत त्याच मोटारीने तो सासुरवाडीच्या लग्नाला नागपूरला गेला. पहाटे त्याचा फोन आला. “मामा, तीस भरत नाहीत. भरू का तेहतीसपर्यंत?” मी म्हटले, “भर, पण मोटार चालवण्याआधी, टायर गार असताना. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीने पुन्हा माप. इथल्या तीस अंशांत तेच तेहतीस साडेछत्तीसच्या वर गेलेले असतील, तेवढी हवा सोडून दे.”