हार्बिनचा प्लेग आणि परळचे उंदीर

प्लेगबद्दल मिळेल ते वाचत राहायचा नाद मला फार वर्षांचा आहे. रँड, चाफेकर बंधू, हाफकिनची लस हे मराठी वाचकाला पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. पण या वाचनात हार्बिनच्या एका हॉटेलातलं भांडण समोर आलं आणि मी तिथेच थबकलो.

१९१०च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला मांचुरियात माणसं रक्ताच्या थुंक्या टाकत मरू लागली. तार्बागान नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शिकाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि आगगाडीने रोग हार्बिनपर्यंत आला. पेकिंगने धाडलं ते पेनांगमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या डॉ. वू लिएन-ते यांना. वय ३१.

२४ डिसेंबरला ते पोहोचले. तीन दिवसांनी हार्बिनच्या फुजियादियान या चिनी वस्तीत खानावळ चालवणारी एक जपानी बाई वारली. शवविच्छेदन हा तिथे घोर अपराध. वूंनी ते तिच्याच घरात गुपचूप उरकलं. हृदय, फुप्फुस, प्लीहा यांचे नमुने घेतले, देह पुन्हा नीट कपड्यांत गुंडाळून पुरायला दिला. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचे जंतू दिसले. तिकडे एक जपानी डॉक्टर शेकडो उंदीर फाडून पाहत होता आणि एकाही उंदरात प्लेग सापडत नव्हता. वूंनी निष्कर्ष काढला, की हा रोग फुप्फुसाचा आहे, माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो, म्हणून तोंड-नाक झाका.

तिआनजिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातले फ्रेंच प्राध्यापक जेराल्ड मेनी हार्बिनला आले आणि ठिणगी पडली. हॉटेलातल्या भेटीत वू मास्कचं सांगू लागताच मेनी संतापले, एक चिनी वरिष्ठाला उलट बोलतो म्हणून अंगावर धावून आले. ही हकीकत वूंच्या आत्मचरित्रातली. आपली बाजू मांडायला मेनी उरले नाहीत. वूंनी तारेने राजीनामा पाठवला, पेकिंगने मेनींना परत बोलावलं. जाण्याआधी ते रशियन प्लेग रुग्णालयात गेले. ते रुग्णालय चालवणारा डॉक्टर आपल्या हाफकिनचा पुतण्या! मेनींनी पांढरा झगा, टोपी, हातमोजे सगळं घातलं, फक्त मास्क लावला नाही. ११ जानेवारी १९११ला ते प्लेगनेच वारले.

मेनींना आडमुठा, गर्विष्ठ गोरा म्हणून लोक मोकळे होतात. गर्विष्ठ ते होतेच, पण तेवढ्याने मला पटत नाही. प्लेग उंदरांमुळेच पसरतो, असं मेनी धरून चालले होते. उंदीर, पिसू, माणूस ही साखळी सिद्ध करायला कराचीत फ्रेंच डॉक्टर सिमाँनी प्रयोग केले, त्यांवर कुणी सहज विश्वास ठेवला नाही. मग मुंबईत डॉ. लिस्टन आणि परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोग वर्षानुवर्षं खपले. इतक्या कष्टाने मिळालेलं सत्य एका शवविच्छेदनावर कोण सोडून देईल? ते सत्य खोटं नव्हतंच. हार्बिनच्या थंडीत मात्र ते लागू पडत नव्हतं.

मेनींच्या मृत्यूनंतर शहराला धडकी भरली आणि जो तो मास्क मागू लागला. साधं जाळीदार कापड, मध्ये कापसाची गादी, टोकं चिरून केलेले बंद. किंमत अडीच सेंट. काहीजण तो नुसता गळ्यात लोंबकळत ठेवत. वस्तीचे चार भाग पाडले, प्रत्येक भागाचा बिल्ला वेगळ्या रंगाचा. रशियन रेल्वेचे मालडबे मागून त्यांत संशयितांना ठेवलं. घरोघर झडत्या झाल्या. पुण्यात १८९७ साली ज्यांनी आग लागली, त्याच जातीचे हे उपाय! इथेही लोक आजारी लपवत, रात्री प्रेतं रस्त्यावर टाकत. फरक मला एका ठिकाणी ठळक दिसतो. जमीन गोठल्यामुळे दोन हजारांवर प्रेतं उघड्यावर पडली होती. ती जाळणं चिनी मनाला असह्य. वूंनी आधी स्थानिक अधिकाऱ्यांना ते दृश्य दाखवलं, मग बादशाही फर्मान मागवलं आणि ते आल्यावरच ३१ जानेवारीला चिता पेटवल्या. आदल्या दिवशी चिनी नववर्ष होतं. फटाके या वर्षी घरातसुद्धा वाजवा, त्यातल्या गंधकाचा उपयोगच होईल, अशी पत्रकं प्लेग कचेरीने वाटली होती. १ मार्चला वस्तीतला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मांचुरियात एकूण बळी सुमारे ६० हजार.

एप्रिलमध्ये मुकदेनला ११ देशांची परिषद भरली, अध्यक्षपदी वू. ब्रिटनकडून आले होते मुंबईच्या प्लेग संशोधनात काम केलेले जॉर्ज पेट्री. तिथे मनिलाहून आलेल्या स्ट्राँग आणि टीग यांनी आपले प्रयोग मांडले. त्यांनी रुग्णांच्या तोंडासमोर जंतू वाढवायच्या काचेच्या ताटल्या धरल्या होत्या. रुग्ण संथ श्वास घेत असताना त्या कोऱ्या राहिल्या. तो खोकला, की त्यांवर प्लेगचे जंतू वाढत. पेट्री त्या परिषदेच्या अहवालाचे एक संपादक झाले.