कालवं कुणी नेली, कुठं सोडली
लेखमाला: पाण्यातले शेजारी. लेखांक ११

माकणीहून अरबी समुद्र तीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. इथल्या निम्न तेरणा धरणाच्या गोड्या पाण्यात कालव जगत नाही. त्याला खाडीचं निमखारं नाहीतर समुद्राचं खारं पाणी लागतं. तरीही या लेखमालेत एक आठवडा कालवाला द्यायचा, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. माणसानं एका पाण्यातला प्राणी उचलून दुसऱ्या पाण्यात नेला की पुढं काय काय घडतं, हे कालवाच्या बाबतीत वर्षावार नोंदलेलं आहे. आपल्या धरणात बोटुकली सोडणाऱ्या आणि शेततळ्यात मोत्यांचे शिंपले टाकू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या ते कामाचं आहे.

आधी प्राणी समजून घेऊ. कालव हा दोन झडपांचा मृदुकाय प्राणी. त्याचं लहानपण भटकं आणि बाकीचं सगळं आयुष्य एकाच जागी. खाडीतल्या कालवांच्या बहुतेक जातींत नर आणि मादी आपापली बीजं थेट पाण्यात सोडतात. एक मादी एका हंगामात लाखो, कधी कोट्यवधी अंडी सोडते. त्यातून निघालेलं पिल्लू डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं बारीक असतं. अंगावरच्या सूक्ष्म केसांच्या आधारानं ते दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि भरती-ओहोटी नेईल तिकडं जातं. मग त्याला पाय फुटतो. त्या पायानं ते तळ चाचपत फिरतं आणि टणक जागा मिळाली की अंगातून चिकट द्रव सोडून डावी झडप तिथं कायमची चिकटवतं. त्यानंतर हालचाल बंद आणि पायही जिरून जातो. जागा शोधताना ते आपल्याच जातीच्या जुन्या शिंपल्यांकडं ओढलं जातं. कालवांवर कालवं चढून दगडासारखे थर तयार होतात ते यामुळंच. याच कालवांतली पुष्कळशी तरुणपणी नर असतात आणि वय वाढल्यावर मादी होतात.

बसल्या जागी पोट भरायचं तर पाणीच तोंडाशी आणायला हवं. कालव कल्ल्यांवरच्या केसांनी पाण्याचा प्रवाह ओढून घेतं, त्यातल्या सूक्ष्म वनस्पती वेगळ्या करून गिळतं आणि नको असलेला गाळ चिकट द्रवात गुंडाळून बाहेर टाकतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं कालव अनुकूल हवामानात दिवसाला दीड-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. रोज तेवढं गाळतंच असं नाही, पण खाडीभर कालवं असतील तर पाण्याचा रंग बदलतो, उजेड तळापर्यंत पोचतो आणि तळाशी गवत उगवतं. कालवांच्या खडबडीत थरांमध्ये खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्लं आसरा घेतात. २०११ साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं जगभरच्या नोंदी तपासून अंदाज मांडला, की नैसर्गिक कालवांच्या अशा वस्त्यांपैकी सुमारे ८५ टक्के नष्ट झाल्या आहेत. उपसा, गाळ, सांडपाणी आणि रोग ही त्यामागची कारणं. ज्या खाड्यांनी कालवं गमावली, त्यांनी पाणी गाळण्याची फुकटची व्यवस्थाही गमावली.

आपल्या कोकणात खडकांना चिकटलेली कालवं ओहोटीला फोडून आणण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्यानं बायका करत आल्या आहेत. गुडघाभर चिखल, झडपांच्या धारदार कडा, पाणी परत चढण्याआधी आवरायची घाई: हे कष्टाचं काम आहे, आणि त्या मानानं हातात फार पडत नाही. शेतीचा विचार आला तो इथूनच. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात कालवपालनाची पद्धत बसवली. कालवांचे रिकामे शिंपले भोक पाडून दोरीत ओवायचे आणि बांबूच्या मांडवावरून खाडीत टांगायचे. पाण्यात तरंगणारी पिल्लं त्यांवर येऊन चिकटतात. मग खाद्य नाही, औषध नाही, खत नाही. साधारण वर्षभरात कालवं काढणीला येतात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात बचत गटांच्या बायकांनी कालवं आणि शिणाणे (हेही दोन झडपांचेच प्राणी) अशी वाढवली. पुढं राज्य सरकारच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतही कालवपालन आलं.

मला ही शेती मनापासून आवडते. कोळंबीच्या तलावात बाहेरून खाद्य ओतावं लागतं, त्यातलं बरंचसं कुजून पाणी नासवतं. कालवाला बाहेरून काहीच द्यायचं नसतं, उलट काढणीबरोबर पाण्यातलं नत्र बाहेर निघतं. पण तिच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. मांडव फार दाटीनं लावले, तर खाली विष्ठा आणि गाळ साचून तळाचा प्राणवायू संपतो. पाण्यातले जंतू आणि जड धातूही कालवात साठतात, म्हणून सांडपाण्याच्या खाडीतलं कालव खाणं धोक्याचं. आणि शिंपला कर्बानं बनतो, म्हणून कालवपालनानं हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, असा जो प्रचार होतो, तो टिकत नाही. शिंपला घडताना होणाऱ्या रासायनिक क्रियेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतोच. कालवपालनाचं समर्थन करायला इतर कारणं पुरेशी आहेत.

कोकणातल्या या शेतीची सर्वांत मोलाची गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोरीवर येऊन बसणारं पिल्लू त्याच खाडीचं असतं. हे का महत्त्वाचं, ते नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात कळतं.

१९६२-६३ चा हिवाळा युरोपात भयंकर कडक गेला. झीलंडच्या ओस्टरस्केल्ड खाडीतली स्थानिक चपटी कालवं जवळजवळ सगळी मेली आणि तिथल्या कालव शेतकऱ्यांचा धंदाच बसला. १९६४ पासून त्यांनी मूळच्या जपानकडच्या, प्रशांत महासागरातल्या कालवाची पिल्लं आणायला सुरुवात केली. हे कालव झपाट्यानं वाढतं, रोगाला सहसा दाद देत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीनं उत्तम. बाहेर पसरेल ही भीती कुणी फारशी घेतली नाही, कारण त्याला अंडी घालायला उबदार पाणी लागतं आणि उत्तर समुद्र थंड. त्या काळचं ज्ञान पाहता हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही, आणि दहा-अकरा वर्षं तो खरा ठरलाही. मग १९७५ आणि १९७६ चे लागोपाठचे उन्हाळे कडक गेले, खाडीचं पाणी तापलं आणि त्या कालवांनी उघड्या पाण्यात पिल्लं सोडली. बांधांच्या दगडांवर, बंदरांच्या भिंतींवर, जिथं कुणी पेरलं नव्हतं तिथं ती वाढू लागली. उत्तरेकडं जर्मनीच्या सिल्ट बेटाजवळ १९८६ साली याच कालवाची शेती सुरू झाली आणि १९९१ साली शेतीबाहेर पहिली रानटी कालवं सापडली. त्यानंतर जसजसे उन्हाळे तापत गेले, तसतशी ती त्या किनाऱ्यालगतच्या वाडन समुद्राच्या उथळ तळांवर पसरली. आता ती तिथून काढून टाकणं कुणालाही शक्य नाही.

परिणाम एकरंगी नाही. तिथल्या निळ्या शिणाण्यांच्या वस्त्यांवर कालवांनी थर चढवले. मोठ्या, जाड झडपांची कालवं समुद्रपक्ष्यांना फोडता येत नाहीत, त्यामुळं शिणाण्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचं ताट लहान झालं. पण शिणाणे नाहीसे झाले नाहीत. ते कालवांच्या फटींत खाली सरकले. तिथं शत्रूंपासून वाचतात, मात्र अन्न कमी मिळून बारीक राहतात. कालवांच्या नव्या थरांत इतर कितीतरी जीवांना जागा मिळाली. ते पाणी मेलेलं नाही, पण आधीचं राहिलेलं नाही, आणि हा बदल तिथल्या कुणाला विचारून झालेला नाही.

कालव एकटं प्रवास करत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्या झडपांवर, फटींत आणि मांसात दुसरे जीव असतात. जपानी कालवांबरोबर एक तपकिरी समुद्री शेवाळ युरोपभर गेलं. अमेरिकी कालवांबरोबर एकावर एक चढून बसणारा गोगलगायीच्या कुळातला प्राणी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला पोचला आणि तिथल्या कालवांचीच जागा खाऊ लागला. रोगही असेच जातात. अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरात १९५७ साली आणि चेसापीक उपसागरात १९५९ साली एका सूक्ष्म परजीवीनं स्थानिक कालवं लाखोंनी मारली. तो परजीवी प्रशांत महासागरातल्या कालवांकडून आला, असं पुढच्या तपासण्यांतून दिसलं.

त्याच चेसापीकची पुढची हकीकत मला फार आश्वासक वाटते. स्थानिक कालवं घटत चालली, तेव्हा रोगाला टिकणारं एक आशियाई कालव तिथं सोडावं असा प्रस्ताव आला. मच्छीमार अडचणीत होते, घाई करायला सबळ कारण होतं. तरीही तिथल्या सरकारांनी अनेक वर्षं अभ्यास करवून घेतला आणि २००९ साली ठरवलं, की परकं कालव आणायचं नाही, स्थानिकच पुन्हा वाढवायचं. सोडलेला जीव परत गोळा करता येत नाही, हे झीलंडला नंतर कळलं आणि चेसापीकनं आधीच धरलं.

भारताच्या बंदरांत दोन झडपांचे परके प्राणी जहाजांच्या तळांना चिकटून आले आहेत. काळ्या पट्ट्यांचा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा एक शिणाणा मूळचा अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांचा. तो १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला दिसला आणि पुढं मुंबई बंदरातही त्याची नोंद झाली. हाच प्राणी १९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विनच्या गोद्यांमध्ये सापडला, तेव्हा तिथल्या प्रशासनानं गोद्यांची दारं बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. आतला प्रत्येक जीव मेला आणि शिणाणाही संपला. गोद्या बंदिस्त होत्या आणि प्राणी लवकर सापडला, म्हणून ते जमलं. केरळच्या अष्टमुडी सरोवरात दक्षिण अमेरिकेतला दुसरा एक शिणाणा गेल्या काही वर्षांत इतका माजला आहे, की तिथल्या तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची जागा तो व्यापतो आहे. याच अष्टमुडीच्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं.

आता माकणी. कालवं नाहीत, पण तेरणेच्या गाळात शिंपले आहेत. गोदावरी खोऱ्यातल्या या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं जगणं कालवाहून अगदी वेगळं. मादी अंडी पाण्यात न सोडता आपल्या कल्ल्यांत वाढवते आणि तयार झालेली पिल्लं बाहेर टाकते. आघाड्याचं बी धोतराला चिकटावं, तशी ती जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्यांना आणि परांना चिकटतात. काही दिवस किंवा आठवडे माशाच्या अंगावर काढून मग गाळात पडतात आणि शिंपला म्हणून वाढू लागतात. मासा त्यांचं वाहन आहे. नदीत मासा नसेल तर शिंपल्याची पुढची पिढी नाही.

ही व्यवस्था नदीला सोयीची, तशीच परक्या शिंपल्यालाही सोयीची. चीनच्या तळ्यांतला एक मोठा शिंपला १९६० च्या दशकात युरोपात असाच पोचला. त्याला कुणी नेलं नव्हतं. नेले होते ते गवत्या आणि चंदेरी मासे. शिंपल्याची पिल्लं त्यांच्या कल्ल्यांना चिकटून गेली. आज हा शिंपला युरोपच्या पुष्कळ नद्यांमध्ये स्थानिक शिंपल्यांना मागं सारतो आहे. गवत्या, चंदेरी आणि सायप्रिनस हे मासे आपल्याकडच्या तलावांतही सोडले जातात. म्हणून बोटुकली कुठल्या तळ्यातली आहे, त्या तळ्यात कुठले शिंपले आहेत, हा प्रश्न मच्छीमार सहकारी संस्थेनं विचारायलाच हवा. उजनी धरणात परकी चिलापी किती पसरली आहे, ते भिगवणच्या बाजारात दिसतं. परक्या थाई मांगूरवर तर २००० सालापासून देशात बंदी आहे. हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशानंतर राज्यात मांगूरचे साठे नष्ट करावे लागले, ते उगीच नाही.

मोत्यांच्या शेतीबद्दल विचारणा वाढते आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेनं यासाठी वापरलेल्या शिंपल्यांच्या जाती भारतातल्याच आहेत. शिंपला किंचित उघडून आत बीजमणी किंवा साचा बसवतात आणि नंतर वर्ष-दीड वर्ष पाण्यात टांगून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर काही शिंपले मरतातच, म्हणून शेकड्यांनी शिंपले लागतात आणि ते बहुतेक वेळा नदीतूनच गोळा केले जातात. माझं मत स्पष्ट आहे. एखाद्या डोहातून सगळे मोठे शिंपले उचलले तर ती अंडी घालणारी पिढीच गेली, आणि लांबच्या राज्यातून पोत्यानं शिंपले मागवले तर त्यांच्याबरोबर काय येतं ते कुणी तपासत नाही. जवळच्या पाण्यातले, थोडे, वेगवेगळ्या ठिकाणचे शिंपले घ्यावेत. बाहेरचे घ्यायचेच असतील तर जात ओळखून, आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून, आणि त्या टाकीचं पाणी ओढ्यात न सोडता शेतात जिरवून. शेती बंद करायची वेळ आली तर उरलेले शिंपले धरणात नेऊन टाकू नयेत. जाळी, थर्माकोलचे तराफे आणि होड्या एका तलावातून दुसऱ्या तलावात नेताना आधी उन्हात कडकडीत वाळवाव्यात. माकणीच्या सांडव्यावरून सुटलेलं पाणी तेरणेतून मांजरेत, पुढं बिदर आणि निजामसागर ओलांडून गोदावरीत जातं, आणि त्याबरोबर काय जातं ते वाटेत तपासणारं कुणी नाही.

पुढील आठवड्यात: चिलापी उजनीत कशी आली आणि मरळ कुठं गेला.