दरडीला झेलणारी जाळी

२३ जुलै २०२१. चिपळूणला वाशिष्ठीने पात्र सोडले होते आणि कोकण रेल्वेची वाहतूक ठप्प झाली होती. मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी मडगावातून लोंढा-बेळगाव-मिरज मार्गाने वळवली गेली. कुळे सोडून ती ब्रागांझा घाट चढू लागली आणि दूधसागर स्थानकाच्या अलीकडे दरड आली. इंजिन आणि त्यामागचा डबा रुळांवरून घसरला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. पुराने अडवली म्हणून डोंगराकडे वळवलेली गाडी डोंगराने अडवली.

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला यात नवल वाटत नाही. आपण पठारावरची माणसे. समुद्राकडे जायचे तर सह्याद्री उतरावाच लागतो. बेळगावची भाजी आणि दूध गोव्याला जाते ते जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने. सावंतवाडी-वेंगुर्ल्याला जायचे तर चंदगड तालुका ओलांडून आंबोली. निपाणीहून मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरला की देवगडची वाट. लग्नाचे वऱ्हाड असो, मासळीची गाडी असो की गोव्यात नोकरीला असलेला पोरगा, सगळ्यांना याच रस्त्यांनी जायचे-यायचे असते. जून लागला की प्रवासाला निघण्याआधी घरात पहिला प्रश्न निघतो, "घाट चालू आहे ना?"

अलीकडच्या काळात या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे डोंगरकड्यावर पांघरलेली पोलादी जाळी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने गेलेल्यांनी ती खंडाळ्याच्या टापूत पाहिलेली असते. गाडीतून ती कुंपणाच्या तारेसारखी दिसते आणि एवढ्याशा तारेने डोंगर कसा अडणार, असे वाटून जाते. या जाळीमागे मोठे शास्त्र आहे आणि त्याहून मोठे कष्ट आहेत. ते दोन्ही नीट समजून घ्यावेत, कारण उद्या आपल्या घाटांत ती लावा म्हणून मागणी करायची असेल, तर काय मागायचे हे आधी कळायला हवे.

दगड सुटतो कसा? आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण आणि त्यात जागोजागी भेगा. पाणी भेगांत उतरते, मातीचा लेप धुऊन नेते, झाडाची मुळे भेग आणखी रुंद करतात. वर्षानुवर्षे टेकून बसलेल्या दगडाचा आधार एखाद्या रात्री निघून जातो. रस्त्यासाठी किंवा रुळांसाठी सुरुंग लावून डोंगर उभा कापलेला असेल, तर हे सगळे आणखी लवकर घडते. एक टन वजनाचा दगड ३० मीटर उंचीवरून सरळ खाली आला, तर रस्त्यावर पोचताना त्याचा वेग ताशी ८७ किलोमीटरच्या घरात असतो.

अशा दगडापुढे भिंत उभी केली तर? समजा, भिंतीने त्याला दहा सेंटीमीटरच्या आत थांबवले. तीस मीटरचे पडणे दहा सेंटीमीटरांत संपवायचे म्हणजे भिंतीला त्या दगडाच्या वजनाच्या तीनशे पट जोर सोसावा लागतो. भिंत फुटते. तोच दगड जाळीने तीन मीटर ताणत जाऊन थांबवला, तर जोर दहा पटींवर येतो. या कारागिरीचा सगळा गाभा इथे आहे. जाळी अडवत नाही, झेलते. दगडाबरोबर ती स्वतः खेचली जाते, वाकते, ताणते आणि त्यातच दगडाची ताकद जिरवते.

हा धडा जगात दुसऱ्या एका ठिकाणीही शिकला गेला, तो म्हणजे आल्प्स पर्वतातल्या स्की शर्यतींच्या उतारांवर. तिथे माणसे बर्फावरून ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने खाली येतात. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या शर्यतीत तर फ्रान्सच्या योहान क्लारेने २०१३ मध्ये ताशी १६० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तोल गेलेल्या खेळाडूला झाडापासून, कड्यापासून वाचवायला मार्गाच्या कडेने जाळ्या असतात. अगदी धोक्याच्या जागी उंच, कायम बांधलेल्या जाळ्या. इतरत्र साधारण दोन मीटर उंचीच्या जाळ्या, बर्फात भोके पाडून रोवलेल्या लवचीक खांबांवर, एकीमागे एक अशा ओळींत. पहिली ओळ खेळाडूला थांबवत नाही. ती थोडा वेग खाते आणि त्याला दुसरीच्या हवाली करते. दुसरी तिसरीच्या.

तिथली चूक जिवावर बेतते. जानेवारी १९९१ मध्ये वेंगेनलाच ऑस्ट्रियाचा तरुण खेळाडू गेर्नोट राइनश्टाडलर याची स्की सुरक्षेच्या जाळीत अडकली आणि त्या अपघातात तो गेला. वाचवायला लावलेली जाळीच घातक ठरली. आज अशा जाळीच्या खालच्या भागावर गुळगुळीत कापड ताणलेले असते, स्कीचे टोक आत घुसू नये म्हणून. नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडात सरावाच्या वेळी फ्रान्सचा दाविद प्वासों जाळ्या पार करून झाडावर आदळला आणि मरण पावला. जाळी आहे एवढे पुरत नाही. ती कुठे आहे, किती ओळींत आहे आणि कशी बांधली आहे, यावर सगळे ठरते.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. इथे जाळीचे मुख्य दोन प्रकार. पहिला, कड्याला चिकटून पांघरलेली जाळी. तिचे काम दगडाला मुळात सुटू न देणे, आणि सुटलाच तर जाळी आणि कडा यांच्यामधून सावकाश पायथ्याच्या चरात उतरवणे. दुसरा प्रकार म्हणजे उतारावर आडवे घातलेले कुंपण. पोलादी खांब, त्यांना मागून धरणारे दोर, मध्ये कड्यांची किंवा दोरांची जाळी. वरून घरंगळत आलेला दगड यात झेलला जातो. दोरांना जागोजागी ब्रेक बसवलेले असतात. ओढ मर्यादेबाहेर गेली की ते सरकतात किंवा आकसतात आणि दोर तुटण्याऐवजी लांबतो. युरोपात अशा कुंपणाची परीक्षा काँक्रीटचा ठोकळा प्रत्यक्ष आदळून घेतात. ठरवलेल्या कमाल आघाताच्या एक तृतीयांश ताकदीचा मारा लागोपाठ दोनदा आणि कमाल ताकदीचा एकदा सोसल्याशिवाय ते पास होत नाही.

काम सुरू होते माथ्यावरून. आधी कमरेला पट्टा आणि दोर बांधून माणसे कड्यावर उतरतात आणि सैल दगड पाडतात. खाली वाहतूक थांबवलेली असते, कारण अर्धवट सुटलेला दगड आज पडेल की तासाभराने, हे सांगता येत नाही. कोणता दगड सैल हे ओळखायला हातोड्याचा ठोका घालतात. खणखणीत आवाज आला तर दगड डोंगराशी एकजीव आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. मग पहार घालून तो काढायचा. चार-दोन दगड सैल ठेवून वर जाळी अंथरली, तर पहिल्याच पावसात ते जाळीच्या पोटात उतरतात.

त्यानंतर भोके. काँप्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलने कड्यात काही मीटर खोल भोक पाडायचे, हवेने धूळ पार बाहेर काढायची, पोलादी सळई सोडायची आणि सिमेंटचे ग्राउट तळापासून वर भरत आणायचे. तळापासून का? वरून ओतले तर मध्ये हवा अडकते आणि सळई निम्मीच धरली जाते. बाहेरून दोन्ही सळया सारख्याच दिसतात. म्हणूनच ग्राउट मुरल्यावर काही सळया जॅक लावून ओढून पाहाव्या लागतात. या ओढपरीक्षेची नोंद म्हणजे त्या कामाचे खरे प्रगतिपुस्तक. ठेकेदाराने ती दाखवली नाही, तर काम झाले असे मानू नये.

मग जाळीचे गुंडाळे वरून खाली सोडतात. ही जाळी बागेच्या कुंपणाची नसते. तिच्या षटकोनी घरात तारा एकमेकींना दोनदा पीळ देऊन विणलेल्या असतात, त्यामुळे एक तार तुटली तरी फाट सरसर पसरत नाही. तारेवर जस्ताचा, किंवा जस्त आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाचा थर असतो. जिथे चार-चार महिने कडा ओलाच असतो आणि समुद्राचा वारा लागतो, तिथे या थरावरच जाळीचे आयुष्य अवलंबून असते. वरच्या आणि खालच्या काठाला पोलादी दोर ओवतात, शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना तारेने शिवतात आणि सळयांच्या डोक्यावर पत्रे ठेवून नट आवळतात.

यातले एक बारीक काम जवळून पाहण्यासारखे आहे. दोर सळईच्या कडीतून वळवून परत स्वतःशीच बांधायचा असतो, तो यू आकाराच्या क्लिपांनी. क्लिपेचा खोगिरासारखा भाग ओढ घेणाऱ्या दोरावर बसला पाहिजे आणि यू बोल्ट उरलेल्या शेपटावर. उलटे लावले तर बोल्ट ओढ घेणाऱ्या दोरालाच चेचतो आणि गाठीची ताकद बरीच घटते. पुन्हा, ताण आल्यावर दोर किंचित बारीक होतो, म्हणून काही काळाने नट परत आवळावे लागतात. कड्यावर लोंबकळत, उन्हात तापलेले पोलाद हातात धरून प्रत्येक क्लिप सुलट लावणाऱ्या माणसाच्या हातात खालच्या गाडीतल्या कुटुंबाचा जीव असतो. उद्घाटनाच्या पाटीवर त्याचे नाव कधीच येत नाही.

आपल्याकडे हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून आले. सुमारे ७४० किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलावरून कोसळली. मग कापांचे उतार कमी करणे, जाळ्या, संरक्षक भिंती अशी कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. उतारावर दरडीचा आघात होताच इशारा देणारी 'रक्षा धागा' ही यंत्रणा कोकण रेल्वेने स्वतः विकसित केली. पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक, मुसळधार पावसात दिसेनासे झाले की ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आणि रात्रंदिवस रुळांवरून फिरणारे गस्तीवाले हेही त्याच संरक्षणाचे भाग आहेत. आल्प्समधल्या जाळ्यांसारख्याच या एकीमागे एक लावलेल्या ओळी आहेत. एक चुकली तर दुसरीने सावरायचे.

द्रुतगती मार्गावर १९ जुलै २०१५ ला आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचा जीव गेला. त्यानंतर तिथे सैल दगड काढण्याचे आणि जाळ्यांचे मोठे काम झाले. तरीही जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळ पुन्हा दरड आली. म्हणून जाळ्या निरुपयोगी म्हणायच्या का? मुळीच नाही. पण त्यांची मर्यादा स्वच्छ सांगितली पाहिजे. जाळी सुट्या दगडांसाठी आहे. पाणी मुरून डोंगराचा उतारच खचला, तर कोणतीही जाळी पुरत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गाडले गेले ते असे. तिथे उपाय पाण्याला वाट देणे हाच. माथ्यावरून येणारे पाणी चरांनी बाजूला वळवणे, उतारात नळ्या घालून आतले पाणी बाहेर काढणे, झाडोरा राखणे आणि डोंगर उभा न कापणे. पाण्याची सोय न करता लावलेली जाळी म्हणजे अर्धे काम.

दुसरे अर्धे काम देखभालीचे. आल्प्समध्ये ताजा बर्फ पडला की जाळ्या उकरून मोकळ्या कराव्या लागतात, कारण बर्फात पुरलेली जाळी उंचीला कमी पडते. आपल्या घाटांत बर्फाच्या जागी दगड-माती आहे. पावसाळाभर झेललेले दगड जाळीच्या पोटात आणि पायथ्याच्या चरात साठतात. ते काढले नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या दगडाला तिथे जागाच उरत नाही. भरलेली जाळी ताणायला मोकळी नसते, आणि जी ताणत नाही ती झेलू शकत नाही. गंजलेली क्लिप, सैल नट, तुटलेली शिवण, सळईच्या डोक्याशी गेलेला तडा हे सारे पावसाआधी बघायचे असते.

आपल्या घाटांची अडचण अशी की एकाच प्रवासात दोन राज्यांची हद्द लागते आणि रस्त्यांची जबाबदारी वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेली असते. दगड हद्द बघून पडत नाही. म्हणून आंबोली, चोर्ला, फोंडा या घाटांसाठी नागरिकांनी, व्यापाऱ्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी साध्या गोष्टी मागाव्यात. धोक्याच्या प्रत्येक कड्याला क्रमांक द्या. जिथे जाळी लावाल, तिथे ओढपरीक्षेची नोंद जाहीर करा. निविदेत देखभालीचा खर्च सुरुवातीलाच धरा. आणि दरवर्षी ३१ मेच्या आत पाहणी करून, जाळ्या आणि चर रिकामे करून, त्याचा अहवाल दोन्ही बाजूंच्या तालुक्यांत लावा. यातली एकही मागणी अवाजवी नाही. जाळी बसवायला एक हंगाम पुरतो, ती सांभाळायला मात्र दरवर्षीचा मे महिना राखून ठेवावा लागतो.