अडतिसांतला एक

पंजाबातल्या सरकारी दवाखान्याच्या एका खिडकीपाशी सकाळी रांग लागते. रांगेत शेतमजूर असतो, ट्रक चालवणारा असतो, दुकानात कामाला जाणारा पोरगा असतो. यंत्रावर बोटाचा ठसा उमटला की नर्स एक छोटी गोळी हातावर ठेवते. ती गिळायची नाही, जिभेखाली धरायची. विरघळायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ तोंड मिटून तिथेच थांबायचं. मग आ करून दाखवायचं. ही बुप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोनची एकत्र गोळी. हेरॉइन बंद केल्यावर हाडं दुखतात, जुलाब लागतात, रात्र रात्र डोळा लागत नाही. बुप्रेनॉर्फिन ते सगळं आवरून धरतं. नॅलॉक्सोन घातलेलं असतं ते कुणी ही गोळी विरघळवून सुईने टोचून घेऊ नये म्हणून. गोळी घेतली की माणूस कामावर जातो. त्याला घरदार सोडून भरती व्हावं लागत नाही.

ही खिडकी आपोआप उघडली नाही. २०१५ मध्ये पंजाबात एक पाहणी झाली आणि राज्यात अफू, हेरॉइन व तत्सम पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेल्यांचा आकडा पुढे आला: सुमारे २ लाख ३२ हजार. आकडा आल्यावर सरकारला 'आमच्याकडे एवढं काही नाही' असं म्हणायची सोय उरली नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मोगा, तरनतारन आणि अमृतसर या तीन जिल्ह्यांत बाह्यरुग्ण उपचार केंद्रं सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर पसरली. २०२० च्या टाळेबंदीत रोज यायची अट शिथिल करून घरी न्यायला गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा नव्याने नाव नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. पण त्याच वर्षी खाजगी केंद्रांकडे गेलेल्या कोट्यवधी गोळ्यांचा हिशेब जुळत नसल्यावरून मोठा वाद पेटला. सरकारी खिडकीवर ठसा लागत होता, खाजगी दारात तेवढी कडक नोंद नव्हती. गोळी तीच, आजार तोच. फरक होता तो हिशेब कोण विचारतो याचा.

व्यसनाच्या उपचाराची सारी गोष्ट याच प्रश्नापाशी येऊन थांबते. व्यसन हा आजार आहे, हे आता मंत्र्यांपासून शाळेतल्या निबंधस्पर्धेपर्यंत सगळे म्हणतात. मात्र या आजारावर उपचार मिळाला नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे गावातल्या माणसाला आजही सांगता येत नाही.

घटनाकारांनी सांगितलं होतं. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये एकाच वाक्यात दोन गोष्टी बांधलेल्या आहेत: लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, आणि औषधी वापर सोडून मादक पेयं व आरोग्याला घातक द्रव्यं यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न. पुढे कारभारात या वाक्याची दोन शकलं झाली. आरोग्य एका खात्याकडे गेलं, बंदी दुसऱ्याकडे, आणि मधला आजारी माणूस कुणाच्याच वाट्याला आला नाही.

महाराष्ट्रात हे चित्र डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. दारूचा परवाना आणि महसूल राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, पण मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. व्यसनमुक्ती केंद्रांची अनुदानं सामाजिक न्याय विभागाकडे. एमडी (मेफेड्रोन) आणि गांजा पोलिसांकडे, म्हणजे गृह विभागाकडे. खोकल्याची औषधं आणि झोपेच्या गोळ्या नशेसाठी विकल्या गेल्या तर अन्न व औषध प्रशासन. उत्पादन शुल्क विभागाकडे तर दारूबंदीही आहे आणि उत्पादन शुल्कही. दारू कमी व्हावी आणि दारूतून महसूल यावा, ही दोन्ही कामं एका टेबलावर ठेवली तर वर्षअखेरीला हिशेब कशाचा मागितला जाणार, हे उघड आहे. महसुलाला उद्दिष्ट असतं, उपचाराला तसं उद्दिष्ट कुणी लावत नाही.

केंद्रातही वेगळं नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा एनडीपीएस कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. या कायद्याची भाषा नीट वाचावी. सेवन केल्याबद्दल कलम २७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उपचार केंद्रांसाठी कलम ७१ आहे, आणि तिथे सरकार केंद्रं स्थापन 'करू शकेल' असं म्हटलेलं आहे. करायलाच हवीत, असं नाही. कलम ६४-अ प्रमाणे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. चांगली तरतूद आहे. पण ज्या तालुक्यात उपचारच नाही तिथे ती कागदावरच राहते.

किती राहते, हे कळायलाही न्यायालयात जावं लागलं. 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यसनांची राष्ट्रीय पाहणी सहा महिन्यांत पुरी करा. दिल्लीच्या एम्सने केलेली ती पाहणी फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे २ लाख घरं आणि पावणेपाच लाख माणसं असा तिचा आवाका होता. दारूमुळे मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाखांहून अधिक. अफूजन्य पदार्थांमुळे गरज असलेले सुमारे ७७ लाख. सुईने नशा करणारे साडेआठ लाख. आणि या सगळ्यांत छातीत रुतणारा आकडा असा: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक.

उरलेले सदतीस कुठे असतात? ते घरी असतात. बायको त्यांचा डबा भरून देते, पगाराच्या दिवशी फाटकाशी उभी राहते, मुलांना शेजारी झोपायला पाठवते. एखाद्या दिवशी तो माणूस जिद्दीने दारू बंद करतो आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, तो कुणाला तरी हाका मारत दाराबाहेर पळतो. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि यात माणूस दगावू शकतो. पण यावरचा उपचार दुर्मीळही नाही, महागही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा त्याच जातीचं औषध, थायमिनची इंजेक्शनं, सलाइन आणि लक्ष ठेवणारी नर्स. ग्रामीण रुग्णालयात हे होऊ शकतं. गुंतागुंत असेल तर जिल्ह्याला पाठवता येतं.

हे न केल्यावर काय होतं, ते केरळात मार्च २०२० मध्ये दिसलं. टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली, दारू न मिळाल्यामुळे आत्महत्या होऊ लागल्या, आणि सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटना विरोधात गेल्या, २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली.

सरकार उपचाराला बांधील आहे का, या प्रश्नाचं उत्तर खरं तर १९९६ मध्ये मिळालेलं आहे. पश्चिम बंगालमधले हकीम शेख ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्थानकात रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'खाट नाही', 'सोय नाही' म्हणून त्यांना परत पाठवलं. शेवटी खाजगी रुग्णालयात पैसे भरून जीव वाचला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २५ हजार रुपये भरपाई दिली आणि बजावलं की वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण ही त्यावरची सबब होऊ शकत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हे व्यसनापर्यंत आणून पोहोचवलं. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रातल्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा आहे. हक्काचं इतकं ठाम वाक्य आरोग्याच्या कायद्यांत क्वचित सापडेल. साखळीने बांधणं याच कायद्याने बंद केलं, सक्तीने डोकं भादरणंही बंद केलं. ती गरज का पडली, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं होतं: ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिथल्या मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण गेले. तरीही व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून मारहाण करणाऱ्या बिननोंदणीच्या केंद्रांच्या बातम्या अजून येतात. सरकारी खाट नसली की कर्ज काढून माणूस तिथे टाकला जातो.

चांगलं काम महाराष्ट्रात झालेलं नाही असं मुळीच नाही. गर्दने पुण्या-मुंबईची पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पैसा घेऊन पाठीशी उभे राहिले. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ मध्ये शासन, 'सर्च' ही संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू केलं. त्यात गावच्या बायकांची संघटना आहे, तालुक्याला उपचाराचं क्लिनिकही आहे. पण एका माणसाच्या ध्यासावर उभं राहिलेलं काम ध्यास नसलेल्या जिल्ह्यात कसं पोहोचणार? संस्था दार उघडू शकते. दार बंद असेल तर जाब मात्र सरकारलाच द्यायला हवा.

जबाबदारी एकाच ठिकाणी हवी, हा धडा पोर्तुगालने दोनदा गिरवला. २००१ पासून स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणं तिथे फौजदारी गुन्हा राहिला नाही. असा माणूस तीन जणांच्या समितीपुढे जातो, आणि हा कारभार आरोग्य मंत्रालयाकडे आहे. उपचार, प्रतिबंध, पाहणी सगळं एका राष्ट्रीय संस्थेकडे होतं. २०१२ च्या काटकसरीत ती संस्था मोडली, उपचार केंद्रं प्रादेशिक आरोग्य प्रशासनांत विखुरली गेली. सेवा विस्कळीत झाल्याची ओरड वर्षानुवर्षं चालली, आणि २०२४ पासून सगळं पुन्हा एका छत्राखाली आणलं गेलं.

जाब विचारायची रीत तर महाराष्ट्राने स्वतःच घडवलेली आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था तिची समन्वयक. गावकरी बसून आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरत: नर्सताई येतात का, औषध आत मिळतं की बाहेरून आणायला सांगतात, पैसे मागतात का. बरं असेल तर हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई. मंडपात समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, पंच. आणि माइक हातात घेऊन एखादी आदिवासी बाई तारीख-वारासकट सांगे की अमक्या दिवशी मला परत पाठवलं. अधिकाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागे, आणि पुढच्या सुनवाईत त्या उत्तराचं काय झालं हेही सांगावं लागे.

याच प्रगतिपुस्तकात आणखी तीन प्रश्न जोडता येतील. ग्रामीण रुग्णालयात थायमिन आणि क्लोरडायझेपॉक्साइडचा साठा आहे का? दारू सोडताना हातपाय थरथरणारा माणूस रात्री आणला तर भरती करून घेतात, की 'पिऊन आलाय, घरी न्या' म्हणतात? जिल्ह्यात सरकारी सोय नव्हती म्हणून दुसऱ्या केंद्रात झालेला खर्च कलम १८ खाली कुणाला मिळाला, किती जणांना? उत्तरं औषधसाठ्याच्या नोंदवहीत आणि रुग्णनोंदणीत सापडतील. वही समोर ठेवून ती वाचून दाखवायला सांगणारी बाई मंडपात बसलेलीच आहे. तिचा नवरा त्या सदतिसांतला आहे.