किडलेल्या दातामागचे दुःख

मुलाचा दात दुखू लागला की घरोघरी ठरलेले बोल ऐकू येतात. "गोळ्या-बिस्किटं खातोस, दात घासत नाहीस, आता भोग!" शेजारीपाजारी म्हणतात, आईचेच लक्ष नाही. गोड खाण्याने आणि दात न घासण्याने कीड लागते, हे खरे. पण बारा-पंधरा वर्षांच्या मुलाचे दात एकामागून एक खराब होत असतील, तर आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. या मुलाने लहानपणी काय काय सोसले आहे?

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन, आईवडिलांची ताटातूट असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी आजार, नैराश्य आणि व्यसन जास्त, असे आढळले. ही माणसे बहुतेक मध्यमवर्गीय, आरोग्यविमा असलेली होती. म्हणजे हे दुःख केवळ वस्तीतले नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे त्यात गरिबी आणि जातीच्या अपमानाची भर पडते. पुढे अमेरिकेतल्याच मुलांच्या पाहणीत, असे अनुभव आलेल्या मुलांचे दात अधिक किडलेले दिसले.

घरातल्या दुःखाचा दाताशी संबंध कसा? रात्री दात घासायला घरात शांतता लागते आणि कुणीतरी आठवण करून द्यावी लागते. बाप दारू पिऊन आला, भांडण पेटले, की मूल कोपऱ्यात तसेच झोपी जाते. आई कामावर आणि चूल थंड असेल, तर चहा-बिस्किटे आणि पाच रुपयांचे पाकीट हेच जेवण होते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दात पोखरते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्री दातात अडकलेले अन्न जास्त घात करते.

सततच्या भीतीचा परिणाम शरीरावरही होतो. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिले, तर जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावू शकते आणि हिरड्यांना त्रास होतो. काही मुले झोपेत दात खातात. काही मुली दुखणे दाबायला मशेरी लावू लागतात, मुले गुटख्याकडे वळतात. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही गुटखा मिळतोच. तंबाखूने ठणका थोडा वेळ दबतो, कीड तशीच वाढते आणि व्यसन जडते.

मग मूल हसताना तोंडावर हात धरते, वर्गात उभे राहून वाचायला लाजते. दुखण्याने झोप होत नाही, अभ्यास मागे पडतो. ज्याने मार किंवा अत्याचार सोसला आहे, त्याला खुर्चीत आडवे पडून तोंड उघडायचीच भीती वाटते. त्याला आपण 'भित्रा' म्हणतो.

आमचे सांगणे असे. आधी रागावणे थांबवा. "कधीपासून दुखतंय? झोप लागते का? कुणाची भीती वाटते का?" असे एकांतात विचारा आणि ऐकून घ्या. मोठ्यांनी मुलांसोबतच रात्री दात घासावेत. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकावे, लगेच खळखळून चूळ भरू नये. त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. मारहाणीत किंवा पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्या. तो पुन्हा बसवता येऊ शकतो.

सरकारी व पालिकेच्या शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यात दातही तपासतात. त्या दिवशी मूल शाळेत असू द्या. सरकारी दंत महाविद्यालयांत कमी खर्चात उपचार होतात. दंतवैद्याला आधीच सांगा, "मूल घाबरते, हळू घ्या." मुलाने हात वर केला की थांबायचे, एवढे ठरले तरी धीर येतो. मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर १०९८ वर फोन करा. मन खचले असेल तर टेली-मानसचा १४४१६ आहे. दोन्ही फोन मोफत आहेत.

लहानपणी सोसलेले दुःख म्हणजे मुलाचे नशीब नव्हे. घरातले, शेजारचे, विहारातले एक जरी मोठे माणूस विश्वासाचे मिळाले, तरी मूल सावरू लागते. आज रात्री ब्रश हातात देताना त्याच्याशी दोन शब्द प्रेमाने बोला.