मेदकणाची वाट: यकृतापर्यंत आणि त्यापुढे

बालाघाट जिल्ह्यात बैहर, बिरसा, परसवाड्याकडे सिकलसेल हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणीची कार्डे वाटली जाऊ लागली. कार्डावरून दोष कळतो. तो दुरुस्त होईल का, हे विद्यार्थी विचारतात, तेव्हा उत्तर देताना मेदाच्या एका अतिसूक्ष्म कणाची गोष्ट सांगावी लागते.

इंग्रजीत त्याला लिपिड नॅनोपार्टिकल म्हणतात. हिंदी माध्यमातली आपली मुले मेदाला ‘वसा’ म्हणतात. घरी आजीच्या तोंडी मात्र वसा म्हणजे घेतलेले व्रत. हा घोटाळा नको म्हणून इथे ‘मेदकण’ म्हणू, आणि एन्झाइमला ‘विकर’.

विकर म्हणजे पेशीतले ठरावीक रासायनिक काम घडवून आणणारे प्रथिन. ते कमी पडले तर बाहेरून द्यावे, ही कल्पना जुनीच. गौशर या आजारात १९९१ पासून विकर शिरेतून देतात. ते पेशीच्या पचनपिशवीत, लायसोसोममध्ये पोचते, आणि गौशरमध्ये उणीव तिथलीच असल्याने काम भागते. पण ज्या विकराचे काम त्या पिशवीबाहेर आहे, त्याला ही वाट उपयोगाची नाही. प्रथिनाचा रेणू मोठा आणि नाजूक. पेशीचे पटल तो आपणहून ओलांडत नाही.

म्हणून बहुधा विकराऐवजी ते बनवण्याची कृती, म्हणजे एमआरएनए, पाठवतात. स्वयंपाक पेशीने आपल्या घरी करायचा. ही कृतीही रक्तात उघडी टिकत नाही, म्हणून तिला मेदाचे वेष्टन. कण साधारण १०० नॅनोमीटरचा. त्यात कोलेस्टेरॉल असते, फॉस्फोलिपिड असते, कणांना एकमेकांना चिकटू न देणारा एक मेद असतो. पण खरी करामत चौथ्या मेदाची. रक्तात त्याच्यावर जवळजवळ विद्युतभार नसतो. पेशीने कण गिळला की तो एका पिशवीत अडकतो, पिशवीत आम्लता वाढते, आणि त्या आम्लात या मेदावर धनभार येतो. तो पिशवीचे पटल विस्कटतो आणि कृती बाहेर निसटते. बहुतेक कण मात्र पिशवीतच संपतात. शेकड्यातले मोजकेच सुटतात. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींनी एवढ्यावरच काम केले.

२०२५ साली फिलाडेल्फियात किरण मुसुनुरू आणि रेबेका आरेन्स-निकलस यांच्या चमूने याच वाटेने एका बाळावर उपचार केले. बाळाच्या यकृतातले सीपीएस१ हे विकर जन्मतः सदोष होते, त्यामुळे रक्तात अमोनिया साठत असे. मेदकणांतून गेली ती जनुकातले एक अक्षर बदलणाऱ्या दुसऱ्या विकराची कृती, खास त्या एका बाळासाठी तयार केलेली. तीन मात्रा दिल्या. प्रकृती सुधारली आणि औषधे कमी करता आली.

मग सिकलसेललाही तसेच का नाही? दोष तर तिथेही एका अक्षराचाच. अडचण पत्त्याची आहे. मेदकण रक्तात शिरताच त्याच्यावर अपोई नावाचे प्रथिन चिकटते. यकृताच्या पेशी ते ओळखतात आणि कण आत ओढून घेतात. त्या बाळाला जे सोयीचे ठरले तेच आपल्याला आडवे येते, कारण तांबड्या पेशी तयार होतात अस्थिमज्जेत.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेले कॅसजेव्ही हे अडचण वळसा घालून टाळते. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात, विजेच्या झटक्याने त्यांत कॅस९ हे विकर घालतात, मग केमोथेरपीने मज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही देशी क्रिस्पर उपचारपद्धती नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेले आहे, आणि भर आहे तो खर्च उतरवण्यावर. तो उतरला तरी बैहरच्या मुलाला महिनोन्‌महिने मोठ्या शहरात ठेवणे सोपे नाही. म्हणूनच नुसत्या सुईने मज्जेपर्यंत पोचणारा कण मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

त्या दिशेने पाऊल पडले आहे. २०२३ मध्येच फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी कणांवर प्रतिपिंडे बसवली, मूळ पेशींवरची सीडी११७ ही खूण ओळखणारी. उंदरांच्या शरीरात असे कण मज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचले. सिकलसेल रुग्णांच्या पेशींत जनुकाची दुरुस्तीही झाली, पण ती प्रयोगशाळेतल्या बशीत. तोवर आपल्याकडे हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे, आणि लग्नाआधी दोघांची कार्डे शेजारी ठेवून पाहणे आहे: दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.